'आत्मिक वय आठ वर्षं' म्हणजे काय?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: "शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढच्या. नाताळच्या उपासनेला मला सोबत घेऊन गेल्या. तिथे पाळकसाहेबांनी त्यांना साक्ष द्यायला उभं केलं आणि म्हणाले, 'मावशींचं आत्मिक वय आठ वर्षं.' आजी हसून म्हणाल्या, 'हो, आठच वर्साची हाव मी.' आत्मिक म्हणजे आध्यात्मिकच ना? मग त्याला वय कसं?"

(साक्ष म्हणजे इथे कोर्टातली नव्हे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत सांगणं.)

दोन्ही शब्द 'आत्मा'च्याच पोटचे, पण आत्मा वेगवेगळा. अध्यात्म म्हणजे आत्म्याविषयीचं, आणि हा आत्मा गीतेच्या म्हणण्याप्रमाणे जन्मत नाही, मरत नाही. त्याला वय लावणार कुठून? पन्नास वर्षं भजनाला बसलेला गावातला बुवाही 'माझं आध्यात्मिक वय पन्नास' म्हणणार नाही. फार तर 'अजून काही उमगलं नाही' म्हणेल.

ख्रिस्ती बोलण्यातलं 'आत्मिक' पवित्र आत्म्यावरून येतं. आत्मिक जीवन हे माणसात मुळातच दडलेलं काही नव्हे. देव स्वतःच्या आत्म्याच्या, म्हणजेच पवित्र आत्म्याच्या, द्वारे देतो ते. ते कधीतरी सुरू होतं, म्हणून त्याला जन्म आहे, बाळपण आहे, वाढ आहे, खुंटणंही आहे. कॅथलिक हा नवा जन्म बाप्तिस्म्याशी जोडतात. आजींच्या मंडळीत (म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये) विश्वास ठेवल्या दिवसापासून वर्षं धरत असावेत.

तुमचा प्रश्न जुनाच आहे. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, निकदेम नावाचा परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) रात्री येशूकडे येतो आणि हेच विचारतो: म्हातारा माणूस पुन्हा जन्मणार कसा? उत्तरात येशू वाऱ्याचा दाखला देतो. मूळ ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा या दोहोंना एकच शब्द आहे, 'न्यूमा'. मराठीत एकदा 'वारा' आणि एकदा 'आत्मा' लिहावं लागतं, आणि सगळी गंमत निसटते. खरं तर आपल्याकडेही अंगात 'वारं' येतंच की! पण तो शब्द तिथे घातला असता तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहिलं असतं.

मला सगळ्यात मजेची वाटते ती पुढची गाठ. गीतेच्या आठव्या अध्यायात अध्यात्माची व्याख्याच आहे: 'स्वभावोऽध्यात्ममुच्यते', स्वभाव म्हणजेच अध्यात्म. आणि मराठी बायबलात, येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, देवाच्या आत्म्याच्या गोष्टी ज्याला कळत नाहीत तो कोण? 'स्वाभाविक वृत्तीचा माणूस'. एकीकडे स्वभाव हेच अध्यात्म, दुसरीकडे नुसत्या स्वभावावर जगणारा त्यापासून दूर. शब्द एकच, बाजू उलट. 'आत्मिक म्हणजे आध्यात्मिकच' म्हणून मोकळं होता येत नाही ते यामुळे.

आणखी एक घोटाळा होतो. आत्मिकच्या उलट शारीरिक, असं वाटतं. पौल 'देहाची कर्मे' मोजतो तेव्हा त्यात व्यभिचार आणि दारूबाजी आहेच, पण वैर, कलह, मत्सर, तट पाडणंही आहे. यांत शरीराचं काय? देह म्हणजे तिथे देवाला बाजूला सारून चाललेलं जगणं. त्याच्यापुढे तो आत्म्याचं फळ ठेवतो: प्रीती, आनंद, शांती अशी नऊ नावं, पण 'फळ' मात्र एकवचनी. नवातली तीन वेचून घ्यायची सोय नाही. तुम्ही लिहिलंय की आजींनी साक्षीत जावेशी चाललेलं धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भांडण कसं मिटवलं तेच सांगितलं, आणि उपासतापासाचं नावही काढलं नाही. ते या हिशेबात चपखल बसतं.

छापील मराठी बायबलात 'आध्यात्मिक'ही सापडतं, तेव्हा तो शब्द चुकीचा म्हणता येणार नाही. बोलण्यात मात्र आत्मिक वाढ, आत्मिक बाळ, आत्मिक वय असंच चालतं. हिंदी बायबलात 'आत्मिक' आहे आणि विदर्भाच्या कानाला हिंदी शेजारचीच, त्याचाही हातभार असावा असा माझा अंदाज. तुम्ही आजींबद्दल लिहाल तेव्हा 'आत्मिक'च ठेवा. भजनी मंडळाच्या बुवांना मात्र हा शब्द लावू नका, ते गोंधळतील.