चिडवायचं तर माहिती काढून

प्रिय भावी कॅडेट,

एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तुझी निवड झाली आणि पहिली पसंती तू हवाई दलाला दिली होतीस, हे तुझ्या वडिलांनी फोनवर सांगितलं. मनापासून अभिनंदन. जन्मभर तोफांच्या आवाजात राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या मनात लगेच काय आलं, तेही सांगून टाकतो: चला, पोरीला झोप तरी पोटभर मिळेल.

बघ, झाली सुरुवात. आता निवृत्तीपर्यंत हे असलं ऐकायचं आहे, म्हणून पत्रही त्याबद्दलच. कवायत, पळणं, बुटांचं पॉलिश हे सगळं शिकवायला खडकवासल्यात उस्ताद आहेत. चिडवणं कसं झेलायचं आणि कसं परतवायचं, याचा तास मात्र वेळापत्रकात नसतो.

आधी शिळा माल संपवू. लष्कर ताऱ्यांखाली झोपतं, नौदल ताऱ्यांवरून वाट शोधतं आणि हवाई दल तारे मोजून हॉटेल निवडतं. जगभरच्या सैन्यांत फिरून आलेला हा विनोद तुला पहिल्या महिन्यात कुणीतरी स्वतः रचल्याच्या थाटात ऐकवेल. हसून घे. लष्करवाला म्हणजे आवाज मोठा, मिशी मोठी आणि डोक्याच्या आधी पाय चालणार. नौदलवाला म्हणजे पांढरेशुभ्र कपडे, रीतसर परवानगी काढून राखलेली दाढी आणि काट्या-चमच्यांची कवायत. हवाई दल म्हणजे दुपारी दीडला सुटणारं ऑफिस, जिथे अधूनमधून विमानंही येतात.

सॅल्यूटसुद्धा यातून सुटलेला नाही. लष्करात तळवा समोरच्याला दिसतो, नौदलात तो खाली वळवलेला असतो. जहाजावर डांबराने काळे झालेले हात अधिकाऱ्याला दिसू नयेत म्हणून, अशी कथा सांगतात; पुरावा मागू नये. हवाई दलाने २००६ मध्ये आपला सॅल्यूट बदलला आणि तळवा जमिनीशी ४५ अंशांत आणला, म्हणजे दोघांच्या बरोब्बर मध्ये. कुणाची बाजू घ्यायची ते ठरेना म्हणून, असं आमच्या मेसमध्ये म्हणायचे. मी नाही म्हणत.

हे कुणालाही जमतं. खरा चिमटा काढायचा तर समोरच्याचं काम ठाऊक हवं. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी घे. नौदलाचे इंजिनियर तिथे तयार होतात. नौदल जमिनीवरच्या तळालाही जहाजच मानतं. समुद्र राहिला घाटाखाली आणि हे 'जहाज' घाटमाथ्यावर. तरीही तिथला नौसैनिक गेटबाहेर चिक्की आणायला निघाला की तो 'अशोर', म्हणजे जहाज सोडून किनाऱ्यावर, जातो! लष्करातला नवखा अधिकारी एवढ्यावरच हसतो. पण इंजिनरूममध्ये धूर भरला, दिवे गेले तर कुठली शिडी, कुठला दरवाजा हे आठवत बसायला वेळ नसतो; ती भाषा आणि ती शिस्त जमिनीवरच अंगात मुरवावी लागते. हे ज्याला कळलं, तो त्यांना गंभीर चेहऱ्याने विचारतो, "यंदा पावसाळ्यात जहाज नांगरलं होतं की खंडाळ्यापर्यंत वाहत गेलं?" यावर नौदलवाला चहा पाजतो.

नौदलाचा वैमानिक तुला हमखास ऐकवेल की तुमची धावपट्टी कोसभर लांब आणि मुकाट एका जागी पडलेली. आमची विमानवाहू नौका विक्रांत अख्खी २६२ मीटर, तीही चालती आणि लाटांवर हलती. गप्प राहा, तो खरं बोलतोय. मग हळूच सियाचीनचा विषय काढ. १९८४ पासून तिथल्या चौक्यांवर हवाई दलाची चीता हेलिकॉप्टरं जातात. हवा इतकी विरळ की ओझं किलोकिलोने मोजायचं, उतरायला बर्फावर चोपलेला टीचभर तुकडा, आणि थांबायचं ते रॉकेलचे कॅन खाली टाकण्यापुरतं. वरच्या चौकीवर आजारी पडलेल्या जवानाला ताऱ्यांचा विनोद सांगून बघावा कुणीतरी.

आमच्या घरातलंही सांगतो, नाहीतर म्हणशील काका दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतात. लष्कर म्हणजे एक दल हा बाहेरच्यांचा समज आहे. आत पायदळ, रणगाडेवाले, तोफखाना, सॅपर्स (लष्कराचे इंजिनियर) असे वेगवेगळे संसार आहेत. रणगाडेवाले म्हणजे जुनं घोडदळ, ते अजून मनाने घोड्यावरच बसलेले असतात. पायदळाचं आमच्याविषयीचं मत असं की यांचे गोळे शत्रूच्या अलीकडे, म्हणजे नेमके आपल्यावर पडतात. चढाईला निघालेल्या पायदळाच्या कंपनीबरोबर तोफखान्याचा एक अधिकारी असतो. त्यांच्याच बंकरमध्ये झोपतो, त्यांच्याच डब्यातलं खातो आणि दिवसभर त्यांचे टोमणे खातो. रात्री चढाई सुरू झाली की तोच कंपनी कमांडर त्याच्या रेडिओला कान लावून बसतो, कारण मागून येणारे गोळे पुढे सरकवायचे की थांबवायचे, हे त्या पोराच्या तोंडून जाणार असतं. तिथे गोळा अलीकडे पडला तर विनोद नसतो. माझ्या मते रोजच्या टोमण्यांचा उपयोग हाच: समोरचा किती ताणलं तर तुटतो, हे गोळीबार सुरू होण्याआधी कळलेलं असतं.

बिघडतं ते श्रेयाच्या वाटणीत. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची २३ पंजाब पलटणीची कंपनी होती आणि समोरून पाकिस्तानी रणगाडे चालून आले. जैसलमेरला हवाई दलाची हंटर विमानं उभी होती, पण अंधारात त्यांना मारा करता येत नव्हता. रात्रभर चौकी टिकली. उजाडताच हंटर आली आणि उघड्या वाळूत अडकलेले रणगाडे त्यांनी टिपले. एवढी सरळ गोष्ट. पण जिंकलं कुणी, चौकीने की विमानांनी, यावर निवृत्त मंडळी पुढे जाहीरपणे भांडली. मला त्यात आवडतात ते मेजर आत्मा सिंग. छोट्याशा कृषक विमानातून ते हंटरच्या वैमानिकांना रणगाडे दाखवत होते. लष्कराचा माणूस, हवेत बसून, हवाई दलाला वाट दाखवणारा. अशी टेहळणी विमानं उडवणारी लष्कराची शाखा, एअर ओपी, तेव्हा तोफखान्यात मोडायची, हे जाता जाता मुद्दाम सांगून ठेवतो.

दुसरा प्रकार त्यामानाने ताजा आहे. जुलै २०२१ मध्ये तेव्हाचे सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे संरक्षणप्रमुख, जनरल बिपिन रावत यांनी हवाई दलाला तोफखाना आणि इंजिनियर्सच्या पंक्तीत बसवून 'सपोर्टिंग आर्म' म्हटलं. तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल भदौरियांनी ते जाहीरपणे अमान्य केलं. (तोफखान्याला त्या पंक्तीत बसायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही.) तेव्हा चर्चा थिएटर कमांडची, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाताखाली देण्याची, होती. मोजकी विमानं कुणाच्या हाताखाली द्यायची, असा रोकडा प्रश्न होता. अशा टेबलावर कधी बसलीस तर मेसमधलं चिडवणं दाराबाहेर ठेव. 'लष्करवाल्यांना आकाशातलं काय कळतं' हे चहाबरोबर ठीक, नकाशा पसरल्यावर नाही.

आणखी एक. सैन्यात मराठा पलटणीच्या जवानाला लाडाने 'गणपत' म्हणतात, मद्रास रेजिमेंटच्या जवानाला 'तंबी'. जुन्या सुभेदारांच्या तोंडी ते शोभतं. तू नवी कोरी फ्लाइंग ऑफिसर होशील तेव्हा तुझ्या तोंडी शोभणार नाही. ज्याला उलटून बोलायची मुभा नाही त्याला चिडवायचं नसतं. तसंच, एनडीएत मुली २०२२ पासून आहेत, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये पास आउटही झाली; तरी मुलगी म्हणून कुणी काही बोललं आणि वर 'गंमत केली' म्हणालं, तर ते या खात्यात जमा करू नकोस. तिथल्या तिथे सुनाव, आणि गरज वाटली तर वर कळव.

खडकवासल्यात आधी तुला दलाचं नाही, स्क्वाड्रनचं, म्हणजे ज्या तुकडीत राहशील तिचं, वेड लागेल. अठरा स्क्वाड्रन आहेत आणि तिन्ही दलांची पोरं एकत्र राहतात. क्रॉस कंट्रीला तुझ्या शेजारी धापा टाकणारा पुढे नौदलात जाणार आहे, हे तुझ्या लक्षातही राहणार नाही. तिथे जुळलेले कोर्समेट पुढे फार कामाला येतात. जनरल मनोज नरवणे ३१ डिसेंबर २०१९ ला लष्करप्रमुख झाले तेव्हा नौदलप्रमुख करमबीर सिंग आणि हवाई दलप्रमुख भदौरिया हे दोघेही त्यांचे एनडीएच्या ५६ व्या कोर्सचे सोबती होते. आणि तिघांचेही वडील हवाई दलातले! हा दारूगोळा जपून ठेव. एखादा लष्करवाला फारच चढून बसला की वापर; माझ्यावर वापरायला हरकत नाही, पण मला आधीच माहीत आहे.

पहिल्या सुट्टीत देवळालीला ये. येण्याआधी फोन कर, शक्यतो दुपारी दीडनंतर, म्हणजे हवाई दलाच्या कामात खंड पडणार नाही.

तुझा,
तोफखानावाला काका