मिस्सातील प्रसाद सर्वांना का दिला जात नाही?

प्रश्न : शेजारच्या कॅथलिक कुटुंबातील मुलीच्या प्रथम कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सा या उपासनेत प्रसादाची भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याच्या विधीसाठी, आम्ही नाशिकरोडच्या चर्चमध्ये गेलो होतो. आम्हाला आग्रहाने पुढे बसवले; मात्र प्रसाद देण्याच्या वेळी, तो केवळ कॅथलिकांनीच घ्यावा, अशी सूचना झाली. सत्यनारायणाचा प्रसाद आपण दारी आलेल्या कोणालाही देतो. मग येथे असे का?
– एक वाचक, जेल रोड

उत्तर : तुम्हाला हे खटकणे स्वाभाविक आहे, आणि ही सूचना पुष्कळदा जितकी तुटकपणे केली जाते तितकी करण्याचे कारण नसते. शिवाय १९६९ मध्ये रोमने भारतातील मिस्सासाठी समई, आरती, अंजलिबद्ध नमस्कार यांना मान्यता दिल्यामुळे हिंदू पाहुण्याला तेथले बरेच काही ओळखीचे वाटते, आणि मग प्रसादाची अपेक्षाही साहजिकच होते.

परंतु शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर हाती घेऊन येशूने ‘हे माझे शरीर आहे’ असे जे म्हटले, तेच शब्द धर्मगुरू वेदीवर उच्चारतात तेव्हा भाकरीचे रूप आणि चव तशीच राहून ती प्रत्यक्ष ख्रिस्त होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तिला ते निव्वळ प्रतीक मानत नाहीत. कम्युनियन संपल्यावर वेदीकडे नीट पाहिलेत, तर हे ध्यानात येईल. फादर तबकातले बारीक कण चषकात लोटतात, त्यात पाणी घालून तो विसळतात आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकतात. उरलेल्या ओस्ती, म्हणजे या भाकरीच्या पातळ चकत्या, कुलपाच्या पेटीत ठेवतात व तिच्याजवळ दिवा अखंड तेवत असतो.

रांगेतल्या प्रत्येकाला फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे म्हणतात आणि तो ‘आमेन’ म्हणतो. हा होकार त्या श्रद्धेला असतो, तसाच ख्रिस्तसभेशी, म्हणजे कॅथलिक चर्चशी, असलेल्या ऐक्यालाही. ज्याची ती श्रद्धाच नाही, त्याच्याकडून असा होकार वदवून घेणे हे माझ्या मते आदरातिथ्य नव्हे. नियम कॅथलिकांनाही आहेतच : तासभर आधीपासून पाणी व औषधाखेरीज काही घेऊ नये, आणि गंभीर पाप घडले असल्यास आधी पापनिवेदन करावे, म्हणजे फादरजवळ त्याची कबुली द्यावी. म्हणूनच काही कॅथलिकही जागेवर बसून राहिलेले दिसतात. नाशिकमधील शरणपूरचे प्रॉटेस्टंट बांधव बाप्तिस्मा घेतलेले असूनही एरवी या रांगेत नसतात. ख्रिस्ती समाजातील ही दुफळी आम्हालाही सलते.

चर्चचे दार मात्र कोणालाही बंद नसते. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला सर्व धर्मांचे लोक येतात, हे तुम्ही जाणताच. पुढच्या वेळी कम्युनियनच्या वेळी खुशाल बसून राहा. त्यात कोणाचाही अवमान होत नाही. काही ठिकाणी छातीवर दोन्ही हातांची फुली करून पुढे गेल्यास फादर आशीर्वाद देतात. तुमच्या चर्चमध्ये तशी पद्धत आहे का, हे शेजाऱ्यांना आधी विचारून घ्या.