जायला साडेसहा तास आणि यायला 24?

प्रश्न : जूनमध्ये मी आणि आमचे हे मुलीकडे अमेरिकेला चाललोय, मुंबई ते न्यूअर्क डायरेक्ट. तिकिटावर रात्री 1.30 ला सुटून त्याच दिवशी सकाळी 8 ला पोचणार असं आहे, आणि येताना सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11.30 ला मुंबई. अंतर तर तेवढंच ना? शेजारचे काका म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून असं होतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर : काकू, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, सगळा घोळ तिथे आहे. जूनमध्ये न्यूअर्क (न्यूयॉर्कच्या शेजारचंच) आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे 8 तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेपाच, रात्री दीडपासून मोजा, 16 तास झाले. येताना 24 मधून साडेनऊ वजा करा, साडेचौदा राहतात. (हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे घेतात, तेव्हा साडेदहा धरायचे.)

उरला दीड तास. तो वाऱ्याचा. साधारण 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात, थंडीत तर कधीकधी ताशी 300 किमीच्या वर जातात, आणि विमानाचा स्वतःचा वेग ताशी 900 च्या आसपास, त्यामुळे जाताना वारा तोंडावर घेत जायचं आणि येताना तोच पाठीशी. काकांना सांगा, पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि त्यांचं म्हणणं खरं असतं तर पूर्वेकडे सरकणारं न्यूअर्कच तुमच्याकडे आलं असतं, म्हणजे जाताना कमी वेळ लागायला हवा होता!

अंतर म्हणाल तर सरळ मोजलं तर साधारण 12,500 किमी. पण हे "सरळ" भिंतीवरच्या नकाशावरचं नाही हं. पृथ्वीगोल घ्या, मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा, तो आफ्रिकेवरून न जाता रशिया, फिनलंड करत पार आइसलँडपर्यंत वर चढतो आणि मग खाली उतरतो. अर्थात विमान अगदी त्याच दोऱ्यावरून जाईल असं नाही. 2025 च्या एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, त्याचा फटका दिल्लीच्या फ्लाइट्सना जास्त बसला, काहींना तर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

आणि जवळचा रस्ता म्हणजे लवकरचा रस्ता हेही खरं नाही. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, 2016 च्या ऑक्टोबरात ती पॅसिफिकवरून न्यायला लागले, रस्ता साधारण 1,400 किमीने वाढला तरी वारा पाठीशी आल्याने जवळपास दोन तास वाचले! म्हणून माझं मत विचाराल तर किलोमीटर बघूच नका, तिकिटावर "ड्युरेशन" लिहिलेलं असतं तेवढं बघा, त्यात विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ येतो.

एक मात्र करा, तुमच्या यजमानांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर त्या 16 तासांत कधी घ्यायच्या ते डॉक्टरांकडून भारताच्या वेळेप्रमाणे लिहून घ्या, गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा आणि एक घड्याळ न्यूअर्कला उतरेपर्यंत आपल्याच वेळेवर राहू द्या.