वाचकांचे प्रश्न : शेतमजुराच्या सुटीचे काय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ तहसील कार्यालयात नोकरीला आहे. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून त्याला शनिवार-रविवार सुटी असते. मी आणि माझी पत्नी मात्र घरची कोरडवाहू सांभाळून मजुरीला जातो आणि बाजाराच्या दिवसाखेरीज आम्हाला सुटी नसते. शासन खेड्यातल्या माणसाचे कामाचे दिवस कमी करू शकते काय?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा रोजची वेळ वाढवली आणि महिन्याचे तास १७४ वरून १७६ झाले, म्हणजे आपल्या भावाची सुटी वाढली, पण काम कमी झाले नाही. तास खरोखर घटले ते कारखान्यांत. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे १९४६ साली आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. तेथे हजेरीपट होता, म्हणून कायदा पोचला.

वेचणीला हजेरीपट नसतो. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या बाईचा कापूस संध्याकाळी काट्याला लागतो आणि चुकारा किलोवर होतो, त्यामुळे कायद्याने तिचा एक दिवस कमी केला तर तेवढी मजुरीच जाईल. किलोचा दर वाढल्याशिवाय तिला सुटी परवडणार नाही, आणि कापसाला तसा भाव मिळाल्याशिवाय शेतकऱ्याला तो दर परवडणार नाही. हा भार कोरडवाहू शेतकऱ्यावर टाकून शासनाने मोकळे होऊ नये.

तरीही शासनाच्या थेट हातात असलेले तास थोडे नाहीत. रब्बीत हरभऱ्याच्या ओलितासाठी पंपाच्या थ्री फेज विजेची पाळी रात्री आली, की शेतकरी रात्रभर जागतो आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ती प्रत्येक फीडरपर्यंत, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या प्रत्येक वाहिनीपर्यंत पोचणे, हीच शेतकऱ्यासाठी कामाच्या वेळेतली सर्वांत मोठी सुधारणा ठरेल, असे मला वाटते. दाखल्यांचेही तसेच आहे. एका दाखल्यासाठी मजुराची रोजी बुडते. आपली सुटी बाजाराच्या दिवशी असते, तर त्याच दिवशी तलाठ्यांनी बाजारगावी बसून दाखल्यांची कामे करावीत, असा ठराव आपण ग्रामसभेत मांडून तहसीलदारांकडे पाठवावा, आणि एका फेरीत किती मजुरी बुडते, तेही त्यात स्पष्ट लिहावे.