नियम पाठ केले तरी इंग्रजी बोलताना इन, ऑन, ॲट चुकतातच, काय करू?

तुम्ही लिहिलंय की बारावीपर्यंत मराठी मिडियम झालं, आता रत्नागिरीत इंटरव्ह्यू देताय आणि प्रीपोझिशनचे नियम दोनदा पाठ करून पण ऐनवेळी तोंडातून भलतंच येतं. मी देवगडची, घरची आंब्याची कलमं आहेत आणि संध्याकाळी दहावीची मुलं शिकायला येतात, त्यांचं पण नेमकं इथेच अडतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण 'झाड'चं 'झाडा' करतो आणि मागून 'वर' चिकटवतो, इंग्रजीत तो शब्द आधी येतो आणि सुटा येतो. एवढं तर कुणालाही जमतं. खरी अडचण अशी की आपल्या एका 'वर'ला इंग्रजीत एकच शब्द नाहीये आणि आपण मनात मराठी वाक्य धरून त्यातल्या 'वर'चं, 'त'चं, 'ला'चं इंग्रजी शोधत बसतो. ते शोधूच नका. वस्तू कशी आहे ते बघा.

आत्ता मी पडवीत बसलेय, समोरच्या कलमावर आंबे आहेत आणि त्याच कलमावर माकड पण बसलंय. मराठीत दोन्हीकडे 'वर'. इंग्रजीत मात्र आंबा ऑन द ट्री आणि माकड इन द ट्री! कारण आंबा देठाने फांदीला लागलेला आहे, आणि माकड पानाफांद्यांच्या आत शिरलंय, चारी बाजूंनी झाड आहे. म्हणजे टेकलेलं, चिकटलेलं, लागलेलं असेल तर ऑन, मग भिंतीवरची पाल ऑन द वॉल आणि आढ्याला उलटी चिकटलेली पाल पण ऑन द सीलिंगच. वेढलेलं असेल तर इन. आणि आत-बाहेर काही बघायचंच नाही, नुसतं ठिकाण सांगायचंय, तर ॲट. आय ॲम वेटिंग ॲट द जेटी, बस.

वाहनांचं पण असंच डोळ्यांनी बघा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गेला असाल तर आठवा, गाडीतून उतरून कठड्यापर्यंत चालत जाता येतं. जिथे उभं राहून चार पावलं टाकता येतात तिथे साधारण ऑन, म्हणून ऑन द फेरी, ऑन द बस, ऑन द ट्रेन. छोट्या होडीत, रिक्षात, कारमध्ये आपण अंग आवरून बसतो, तिथे इन. फेरीवर गाडीतच बसून राहिलात तर इन द कार, ऑन द फेरी, दोन्ही एकाच वाक्यात.

वेळेचं सोपं आहे, घड्याळाला ॲट, वाराला आणि तारखेला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन. सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग पण रात्री म्हणजे ॲट नाइट, हे तसंच पाठ करा, कारण शोधत बसू नका.

'पर्यंत'ला मात्र जपा. एका गिऱ्हाइकाला मला सांगायचं होतं की पेट्या २० मेपर्यंत पोचतील आणि मी लिहिलं टिल ट्वेंटिएथ मे. त्यांना वाटलं की २० तारखेपर्यंत माल येतच राहणार, त्यांनी ऑर्डर शेवटच्या आठवड्यावर ठेवली आणि तोवर आमचा आंबा संपला होता. फार वाईट वाटलं मला, कारण माणूस खरंच आशेवर होता. त्या तारखेच्या आत एकदा काम होणार असेल तर बाय, काम तोवर चालूच राहणार असेल तर टिल.

'पासून'चं पण तेच. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावतेय, तिथे सुरुवात सांगितली म्हणून सिन्स. 'मी दोन वर्षांपासून काम करतोय' म्हणताना किती काळ ते सांगितलं म्हणून फॉर टू इयर्स. सिन्स टू इयर्स आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि इंटरव्ह्यूत ते लगेच कानाला खटकतं.

राहिले ते शब्द ज्यांना कुठलंच चित्र लावता येत नाही. 'त्याच्याशी लग्न' म्हणून आपण मॅरिड विथ म्हणतो, तिथे मॅरिड टू पाहिजे. गणितात हुशार म्हणजे गुड ॲट मॅथ्स, कुत्र्याला घाबरतो म्हणजे अफ्रेड ऑफ डॉग्ज, आणि डिस्कसच्या पुढे अबाउट लागतच नाही. वहीत नुसतं 'गुड' लिहू नका, 'गुड ॲट' असा जोडशब्द असल्यासारखं लिहा आणि मोठ्याने म्हणा. माझ्याकडच्या मुलांना याचाच सगळ्यात जास्त फायदा झालाय, नियमांच्या तक्त्याचा नाही.

तुम्हाला इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल आठ-दहाच वाक्यं बोलायची असतात, कुठे राहता, कुठे शिकलात, किती वर्षं काम केलंत, कशात चांगले आहात. तेवढी आज रात्री लिहून काढा आणि तोंडात बसेपर्यंत म्हणा. आणि बोलता बोलता एखादा ॲट चुकलाच तर मागे फिरून दुरुस्त करत बसू नका, वाक्य पूर्ण करा, समोरच्याला अर्थ कळलेला असतो.