सर्वांसाठी मोफत शाळा ही कल्पना युरोपातल्या ज्ञानोदयाचीच (अठराव्या शतकातल्या विवेकवादी विचारचळवळीचीच) का?
बऱ्याच अंशी हो, पण तिचा टिकणारा कायदा व्हायला फ्रान्समध्ये जवळपास नव्वद वर्षं गेली. तत्त्वज्ञ कोंदोर्सेनं २० एप्रिल १७९२ रोजी विधानसभेत आराखडा मांडायला घेतला: शिक्षण मोफत, सर्वांना खुलं आणि चर्चपासून वेगळं. मुलींनाही मुलांसारखंच शिकवा, हे तर तो १७९१ पासूनच लिहीत होता, आणि त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. नेमकं त्याच दिवशी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं नि आराखडा मागे पडला. शेवटी शिक्षणमंत्री ज्यूल फेरीनं १८८१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि १८८२ मध्ये सक्तीचं केलं. मात्र ज्ञानोदयाचे सगळेच विचारवंत या मताचे नव्हते: कष्टकऱ्यांच्या मुलांना शिकवू नये, या मताचं व्हॉल्टेअरनं पत्र लिहून कौतुक केलं होतं.