जागतिक सत्ता खरंच पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते आहे का?

उत्पादनात सरकली आहे, निर्णयाच्या टेबलावर अजून नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचंच बघा. तिथे मोठ्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत. तिने नाही म्हटलं की विषय संपला. चीनकडे सुमारे 6 टक्के, भारताकडे अडीचच्या जरा वर. हे थोडंफार बदलणारी 2010 ची सुधारणा अमेरिकी संसदेत अडकून पडली आणि लागू व्हायला 2016 उजाडलं. मला हा उघड अन्याय वाटतो. तोवर शांघायमध्ये ब्रिक्स (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) गटाची बँक आणि बीजिंगमध्ये आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक उभी राहिलीही होती. बीजिंगच्या बँकेत चीननंतरचा मोठा भागधारक भारतच आहे.

पण 'पूर्व' म्हणजे एकजूट, असं मुळीच समजू नका. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेशी आयातशुल्काचं भांडण पेटलं तेव्हा चीनने दुर्मिळ मृदा धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरला हीच चुंबकं लागतात. काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोला चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं.